सही पटेना

दसऱ्याची सुटी संपून कारखाना उघडला, त्या दिवशी दयानंदने क्यूसी रूममधल्या कॉम्प्युटरवर अपडेट घालायला घेतलं आणि जेवणाच्या सुटीपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले. कॉम्प्युटर ते घ्यायलाच तयार नव्हता. पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची, थबकायची, आणि मग एक चौकोन वर यायचा: या फाइलची डिजिटल सही पडताळता आली नाही. खाली बटण एकच, ‘ओके’. म्हणजे आपलं काही ओके नसलं तरी दाबायचं तेच.

दयानंद मूळचा निपाणीचा. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, व्यंकोजीरावांच्या कारखान्यात तो ‘सिस्टीम इन्चार्ज’ होता. नाव भारदस्त; काम म्हणाल तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून कॅमेऱ्यावरची कोळिष्टकं झाडण्यापर्यंत सगळं. पण माणूस हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लहान लहान सुटे भाग तयार होत. तयार झालेला भाग क्यूसी रूममध्ये यायचा, तिथलं यंत्र त्याचं माप घ्यायचं, आणि यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरने बरोबर म्हटलं की मगच माल गाडीत चढायचा. हा कॉम्प्युटर मुद्दामच इंटरनेटपासून लांब ठेवलेला होता. त्याला जे काही द्यायचं ते दयानंदने पेन ड्राइव्हमधून नेऊन भरवायचं.

एरवी त्याच्या अपडेटची कुणी फिकीर केली नसती. पण शुक्रवारी त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर यायचा होता आणि यंदा त्यांनी नवी अट घातली होती, की मापाच्या कामातला एकही कॉम्प्युटर जुनाट सिस्टीमवर चालता कामा नये. ही अट उन्हाळा सरतानाच कळवली होती. दयानंदने ती वाचली, मान डोलावली आणि दसऱ्यानंतर बघू म्हणून बाजूला सारली. आता दसरा होऊन गेला होता.

आता ही सहीची काय भानगड आहे, तर अपडेट बनवणारी कंपनी प्रत्येक फाइलवर आपली सही करून पाठवते. कॉम्प्युटर आधी ती सही तपासतो. सही करणारा खरा आहे, त्याचा दाखला मुदतीतला आहे आणि वाटेत फाइलला कुणी हात लावलेला नाही, एवढं पटलं तर आत घेतो, नाही पटलं तर उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. हेतू चांगला आहे. फक्त यांतलं नेमकं काय पटलं नाही हे सांगायची त्याला सवय नाही, आणि ते शोधता शोधता माणसाचा दिवस जातो.

दयानंदने फाइल पुन्हा उतरवून घेतली. पेन ड्राइव्ह बदलला. अँटीव्हायरस बंद करून पाहिला. अर्धवट राहिलेल्या अपडेटांचा कचरा साठतो ते फोल्डर रिकामं केलं, सही तपासणारी सर्व्हिस थांबवून पुन्हा चालू केली, कंपनीचे नवे दाखले वेगळे आणून बसवले. पुण्याच्या एका मित्राला फोन लावून त्याने सांगितलेल्या आज्ञा काळ्या खिडकीत टाइप केल्या. दर वेळी तीच पट्टी आणि तोच चौकोन. क्यूसीची कावेरी शेजारच्या टेबलावर हाताने मापं घेत बसली होती. सही तपासणंच बंद करता येत नाही का, असं तिने एकदा विचारलं. येत होतं, पण ऑडिटरने पहिल्यांदा तेच पाहिलं असतं.

हे सगळं करताना दयानंदचे डोळे त्या पडद्याला चिकटून होते. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र त्याला काही दिसत नव्हतं, कारण तिथे विभूतीचे तीन पट्टे आणि त्यांवर कुंकवाचा जाड टिळा होता. तो आयुधपूजेचा टिळा.

आयुधपूजा म्हणजे कारखान्यातला वर्षाचा सण, आणि तो कल्लाप्पाचा. कल्लाप्पा चिकोडीकडचा, हयात लेथवर घालवलेला माणूस. नवमीला तो सगळी मशीनं पुसून लख्ख करायचा, केळीचे खुंट बांधायचा, झेंडूच्या माळा घालायचा, दारात कोहळा फोडायचा. मग मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली ओढायचा. त्या दिवशी आयुधांना विश्रांती, मग ते लेथ असो नाहीतर कॉम्प्युटर. आणि एकदा लावलेला टिळा कुणी पुसायचा नाही, वाळून आपला आपण पडेल तेव्हा पडेल. दयानंदने मागे कधीतरी त्याला सांगितलं होतं, की पडद्याच्या मधोमध लावू नका, काम करताना आड येतं, कोपऱ्यात लावा. तेव्हापासून कल्लाप्पा कोपऱ्यात लावायचा. यंदा नवमीला दयानंद गावी गेला होता, तरी टिळा सांगितल्या जागीच होता. आणि तो पुसायचं दयानंदच्या मनातही आलं नाही. कॉम्प्युटरवाला झाला म्हणून काय, पूजेचा टिळा तोही पुसत नसे.

कल्लाप्पानेच त्याला बंगळुरात आणलं होतं. डिप्लोमा उशाशी घेऊन निपाणीत दिवस ढकलणाऱ्या पोराला त्याने हाताला धरून व्यंकोजीरावांपुढे उभं केलं होतं. गेटजवळ कंपनीची एक खोली होती, तिच्यात कल्लाप्पा आणि त्याची बायको ठकुबाई राहायची. सुरुवातीचे काही महिने दयानंद त्याच खोलीत जेवला आणि त्याच खोलीत निजला. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. कल्लाप्पा त्याला ‘तम्मा’ म्हणायचा, म्हणजे धाकट्या भावाला हाक मारतात तसं, आणि दयानंद त्याला अण्णा. येत्या जानेवारीत कल्लाप्पा निवृत्त व्हायचा होता. पण नवीन माणसांना शिकवायला आणखी दोन वर्षं थांब, असं व्यंकोजीरावांनी त्याला सांगून ठेवलं होतं. तोवर खोलीही राहणार होती. ठकुबाईचा जीव त्या दोन वर्षांवर टांगलेला होता, कारण गावाकडचं घर दिरांनी केव्हाच पाडून वाटून घेतलं होतं आणि जायला दुसरी जागा नव्हती.

बुधवारी संध्याकाळी व्यंकोजीराव मशीनं चालतात त्या शॉपमध्ये आले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेलं, घर राजाजीनगरात, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. माणूस वाईट नव्हता, पण तापट होता. लेथ, ड्रिलिंग, पॅकिंग अशी सगळी माणसं आजूबाजूला असताना त्यांनी दयानंदला गाठलं आणि ऑडिट परवावर आलंय, ते अपडेट झालं की नाही, असं विचारलं. झालं नव्हतं. मग का झालं नाही, असं विचारलं. ते दयानंदला माहीत नव्हतं. आणि ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारायची वेळ आली की तो दुसरंच काहीतरी बोलून मोकळा व्हायचा.

“पूजेच्या दिवशी काहीतरी आत गेलं असणार, सर,” तो म्हणाला. “कुंकवाचं पाणी-बिणी.”

एवढंच बोलला. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनातही नव्हतं. वेळ मारून नेण्यापुरतं तोंडातून निघालेलं वाक्य होतं ते, आणि असली वाक्यं आपण सगळेच बोलतो. ती कुणाच्या अंगावर जाऊन पडतात ते बहुतेक वेळा आपल्याला बघावं लागत नाही. दयानंदला बघावं लागलं. व्यंकोजीराव तिथूनच वळले आणि कल्लाप्पाच्या लेथपाशी गेले. राग आला की ते पुरते कानडीत शिरायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं शॉपमधल्या प्रत्येकाला नीट कळलं. कॉम्प्युटर म्हणजे देवळातला नंदी आहे का आंघोळ घालायला, तुझ्या भक्तीपायी माझं गिऱ्हाईक जाणार, जानेवारीनंतरचं विसर, आणि पुन्हा त्या क्यूसी रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. कल्लाप्पाने मशीन बंद केलं होतं. तेलाचे हात तसेच अधांतरी धरून, मान खाली घालून तो ऐकत होता. शेवटी तो फक्त “सरी” म्हणाला, म्हणजे ‘बरं’.

दयानंद चार पावलांवर उभा होता. ‘सर, हा माझा नुसता अंदाज आहे’ असं म्हणायला त्याला एक श्वास पुरला असता. तो श्वास त्याने घेतला आणि तसाच सोडून दिला.

व्यंकोजीरावांनी सांगितलं म्हणून मग त्याने कॉम्प्युटरची वायर काढली आणि डबा उघडला. आत धूळ होती. पाण्याचा डाग नव्हता, कुंकवाचा कण नव्हता. कल्लाप्पाने पाण्याचा थेंबही उडवलेला नव्हता, हे त्याला तिथल्या तिथे दिसलं. त्याने धूळ झटकली, झाकण लावलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबली. ती न वाचताच त्याने एफ-वन दाबलं, कारण गेले कित्येक महिने तिथे सगळे तेच दाबत होते. आत काही सापडलं का, असं कावेरीने विचारलं. साफ केलं, असं तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण घरी जाताना बाइकवर त्याला ते सारखं टोचत राहिलं, आणि ऑडिट होऊन जाऊ दे, मग साहेबांना सांगू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्या पडद्यापुढे बसला होता. कावेरी अजून आली नव्हती. दारात कुणीतरी खाकरलं म्हणून त्याने मागे पाहिलं, तर कल्लाप्पा उंबऱ्याबाहेर उभा. चपला बाजूला काढलेल्या, हातात मशीन पुसायच्या सुती चिंध्या.

“तम्मा, साहेबांनी आत येऊ नको म्हटलंय,” तो म्हणाला. “एवढं पुसतो आणि जातो.”

कशाला अण्णा, राहू दे, असं काहीतरी दयानंद पुटपुटला, पण कल्लाप्पा आत आला होता. त्याने आधी पडद्याला हात जोडले. आयुष्यात त्याने लावलेला टिळा कधी पुसला नव्हता. हात जरासा थांबला. मग त्याने चिंधी कोपऱ्यावर ठेवली आणि हळूहळू, काच दुखू नये अशा बेताने, विभूती आणि कुंकू पुसून काढलं. पुसून झाल्यावर लाल झालेली ती चिंधी खाली न टाकता त्याने मुठीत धरली.

टिळ्याखालून घड्याळ वर आलं. आणि घड्याळाखाली तारीख. जानेवारी २०१२.

सगळं एका क्षणात दयानंदसमोर उभं राहिलं. कॉम्प्युटर दोन हजार बारा सालात बसला होता. अपडेटवरची सही यंदाची, सही करणाऱ्याचा दाखला यंदाचा. त्या कॉम्प्युटरच्या लेखी तो माणूस अजून जन्मालाच यायचा होता, मग त्याची सही पटणार कुठून? आणि तारीख मागे गेली होती ती कॉम्प्युटरच्या पोटातल्या रुपयाएवढ्या बॅटरीमुळे. ती बॅटरी मेली, की भिंतीतून वीज येत असते तोवरच घड्याळ चालतं. मेन स्विच खाली आला, की घड्याळ सगळं विसरून पहिल्या दिवसापाशी जाऊन बसतं. हे दयानंदला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. एप्रिलमध्ये शॉपची वायरिंग बदलली तेव्हा हेच झालं होतं, आणि त्याने हाताने तारीख लावून, बॅटरी उद्या आणू, असं ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी बॅटरी. चालू करताना कुरकुर केली तर एफ-वन दाबा, असं त्यानेच कावेरीला शिकवलं होतं. आणि मग तो विसरला. कल्लाप्पाने फक्त दरसालासारखा मेन स्विच ओढला होता.

“देवाचं म्हणून लावत आलो,” कल्लाप्पा बोलत होता. “तुझ्या पोटावर येईल असं कधी ध्यानात आलं न्हाई बघ. रातभर डोळा लागला न्हाई. तू दोन दिस इथं डोकं फोडून घेतोस ते माझ्यापायी.” त्याने चिंधी धरलेला हात दुसऱ्या हाताला जोडला. “मला माफ कर, तम्मा.”

तारीख दयानंदच्या डोळ्यांसमोर होती. जोडलेले हातही डोळ्यांसमोर होते. तोंड उघडून खरं ते सांगायला याहून चांगली वेळ कुणाला मिळत नाही.

“असू दे, अण्णा,” तो म्हणाला.

कल्लाप्पाचा चेहरा सैल झाला. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा तो हलका होऊन, मागच्या पावली बाहेर गेला. आणि दयानंद बसून राहिला. आपण आत्ता काय केलं, हे कळायला त्याला हुशारीची गरज नव्हती. चूक आपली, आळस आपला, खोटं आपलं, आणि एवढं करून वर आपण त्या माणसाला माफ केलं. माफ केलं! त्याला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस उठून दुसऱ्याच्या मागे धावतोच असं नाही. त्याने तारीख बदलली, अपडेट लावलं, आणि हिरवी पट्टी न थबकता शेवटपर्यंत गेली.

कावेरी आली तेव्हा काम झालेलं होतं. व्यंकोजीरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शुक्रवारी ऑडिटर आला, बघून गेला; मध्ये काय अडचण आली होती असं त्याने विचारलं तेव्हा व्यंकोजीरावांनीच सांगितलं, की आमच्याकडे मशीनची पूजा करायची पद्धत आहे, त्यातून घोटाळा झाला, आता ती बंद केली आहे. ऑडिटरने मान हलवली. दयानंद चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभा होता आणि त्याचीही मान हलली. त्या संध्याकाळी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरी आणली आणि सगळे गेल्यावर बसवून टाकली.

ऑडिट झालं की सांगू, असं त्याने म्हटलं होतं. ऑडिट झालं. मग साहेबांचा मूड बघून सांगू. मग दिवाळीनंतर सांगू. दिवाळीनंतर कळलं की साहेब चेन्नईला गेलेत. रोज सकाळी तो ठरवून यायचा आणि रोज संध्याकाळी मूग गिळून घरी जायचा. कल्लाप्पा मात्र साहेबांचा शब्द अक्षरशः पाळत होता. तपासायचे भाग ट्रेमध्ये भरून तो क्यूसी रूमच्या दारापर्यंत आणायचा, उंबऱ्याबाहेर खाली ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. मग कावेरीने उठायचं, वाकायचं आणि ट्रे उचलून आत न्यायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, अण्णा, या की आत, कोण बघतंय. तो म्हणाला, मी बघतोय की. दयानंद आत असला की त्याला भिंतीकडे तोंड करून काहीतरी काम काढावं लागायचं.

त्याच्याशी कल्लाप्पाचं वागणं आधीपेक्षा जास्त मायेचं झालं होतं, आणि ते सोसणं सगळ्यांत अवघड होतं. वाटेत भेटला की तो विचारायचा, आता मशीन नीट चालतंय ना तम्मा, पुन्हा काही त्रास नाही ना? एकदा ठकुबाईने डबा भरून शेंगदाण्याची चटणी पाठवली. दयानंदने ती घरी नेली आणि तिला हात लावला नाही. बायकोने कारण विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाला.

डिसेंबर लागल्यावर एका रविवारी ठकुबाईने त्याच्या बायकोला, विद्याला, खोलीवर बोलावून घेतलं. विद्या परत आली ती रिक्षातून, दोन मोठी पातेली आणि एक परात घेऊन. जानेवारीत खोली सोडायची आहे, एवढी भांडी घेऊन कुठे जाऊ, म्हणून ठकुबाईने बळेच दिली होती. जायचं कुठे ते अजून ठरलं नव्हतं. आनेकलला तिच्या लांबच्या भाच्याकडे एक पडवी मोकळी होती, तिथे काही दिवस राहून बघणार होते. विद्या पातेली ओट्यावर ठेवता ठेवता सांगत होती. ठकुबाई कुणालाच बोल लावत नव्हती म्हणे. ती म्हणाली, साहेबांचा दोष न्हाई, आमच्या माणसाच्या हातनंच चूक झाली. दया होता म्हणून निभावलं, त्यानं सांभाळून घेतलं.

दयानंद खुर्चीतच पुढे वाकला आणि तोंड झाकून रडायला लागला. विद्या घाबरली. मग त्याने तिला सगळं सांगितलं, बॅटरीपासून ‘असू दे’पर्यंत, काही हातचं न राखता. त्याला वाटलं ती समजूत घालेल, निदान चिडेल तरी.

“मग अजून इथं का बसलायत?” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तो केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच व्यंकोजीरावांना सांगून टाकलं. त्याने नोकरी जाईल असं धरलं होतं. खरं सांगायचं तर ती जावी असंच त्याला वाटत होतं, म्हणजे फिटल्यासारखं झालं असतं. व्यंकोजीराव ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी त्याला चार माणसांत बोललो, तुझ्या शब्दावर,” ते म्हणाले. “आता तू चार माणसांत बोल. माझंही स्वल्प चुकलं आहे, ते मी बघतो. तू आधी जा.”

दहाच्या चहाला सगळे पत्र्याच्या शेडखाली जमले होते. दयानंदने कानडीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. पूजेमुळे काही झालं नव्हतं. बॅटरी मेली होती, मी बदलली नव्हती, मला कारण सापडत नव्हतं म्हणून मी अण्णांचं नाव पुढे केलं. कल्लाप्पा स्टुलावर बसून चहा पीत होता. ऐकताना त्याने ग्लास गुडघ्यावर टेकवला.

“मी पुसायला आलो, तवा ठाऊक होतं तुला?” त्याने मराठीत विचारलं.

“तुम्ही पुसलंत, तेव्हाच कळलं अण्णा. तारीख दिसली.”

“मी हात जोडायच्या आधी?”

“हो.”

कल्लाप्पाने मान हलवली. राहिलेला चहा संपवला, ग्लास विसळून जागेवर पालथा घातला आणि लेथकडे गेला.

दुपारी व्यंकोजीरावांनी त्याला स्वतः जाऊन भेटून सगळं मागे घेतलं. जानेवारीनंतरची दोन वर्षं पक्की झाली, खोली राहिली, पुढच्या वर्षी पूजा पहिल्यासारखीच व्हायची असं ठरलं. संध्याकाळी ठकुबाई खोलीच्या दारात बसून रडली आणि मग तिने सगळ्यांना गूळ वाटला. विद्याने पातेली परत नेऊन दिली. शॉपमधले दोघे-तिघे तर दयानंदला म्हणाले, की चार लोकांत असं कबूल करायला छाती लागते. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्यूसी रूममध्ये कावेरीला नवीन सिस्टीममधलं काहीतरी दाखवत होता. दारात चपला काढल्याचा आवाज आला. कल्लाप्पा ट्रे घेऊन उभा होता. आता त्याला बंदी नव्हती, आत यायला कुणाची ना नव्हती. तरी तो उंबऱ्याबाहेर थांबला.

“आत येऊ का, सर?” त्याने विचारलं.

दयानंदला आधी कळलंच नाही की हे आपल्याला आहे. त्याने कल्लाप्पाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. बाहेरून आलेल्या कुणाही साहेबाशी बोलावं तितक्या अदबीने तो विचारत होता.

“अण्णा, असं काय करताय? तुम्हाला विचारायची काय गरज, या की.”

कल्लाप्पा आत आला, ट्रे टेबलावर ठेवला, “येतो सर” म्हणाला आणि गेला. कावेरीने मापाच्या यंत्रात मान घातली.

त्यानंतर रोज तसंच चाललं आहे. कल्लाप्पा बाकी सगळ्यांशी पहिल्यासारखा हसतो, बोलतो, कावेरीची चेष्टा करतो. दयानंद खोलीत नसेल तर सरळ आत येतो. तो असेल तर मात्र ट्रे हातात धरून उंबऱ्यावर थांबतो आणि विचारतो. एकदा दयानंदने उत्तरच दिलं नाही, बघू या म्हटलं. कल्लाप्पा वजनदार ट्रे घेऊन तसाच उभा राहिला, हात थरथरायला लागले तरी उभा राहिला. शेवटी दयानंदला “या” म्हणावंच लागलं.